वाचकांचे प्रश्न : टिंब, रेघ आणि ‘जेवलास का?’

मागील अंकात मोर्स संकेतांवर, म्हणजे आखूड खूण (टिंब) आणि लांब खूण (रेघ) यांतून अक्षरे जुळवून निरोप पाठवण्याच्या पद्धतीवर, एक छोटे टिपण छापले होते. त्यानंतर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांचा सूर बहुतेक एकच आहे : इतिहास समजला, पण घरातली साधी वाक्ये पाठवायची कशी? त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा नातू आठवीत आहे. आमच्या गच्चीवरून नदीपलीकडे त्याच्या मित्राची गच्ची दिसते. दोघांना रात्री टॉर्चने ‘जेवलास का?’, ‘उद्या ये’ अशी वाक्ये पाठवायची आहेत. मोर्सचा तक्ता आहे, टॉर्चही चांगला आहे. तरी पलीकडे काही म्हणता काही समजत नाही. काय चुकते आहे? — एक आजोबा, वाई

उत्तर : चूक बहुधा टिंब-रेघांत नसून त्यांच्यामधल्या अंधारात आहे. तक्त्यावर टिंबे आणि रेघा छापलेल्या असतात; मधली मोकळी जागा किती वेळ ठेवायची हे सहसा छापलेले नसते, आणि मोर्समध्ये अर्धा अर्थ त्या मोकळ्या जागेतच असतो. टिंबाला लागणारा वेळ हे एक माप धरावे. मग रेघ तीन मापांची होते. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक माप अंधार, दोन अक्षरांमध्ये तीन मापे आणि दोन शब्दांमध्ये सात मापे अंधार ठेवायचा असतो. मुले उत्साहाच्या भरात अक्षरांमधला अंधार खाऊन टाकतात, आणि मराठी शब्द रोमन अक्षरांत पाठवताना त्याचा फटका फार विचित्र ठिकाणी बसतो. ‘मी’ पाठवायचे म्हणजे एम आणि आय : दोन रेघा, थोडा अंधार, दोन टिंबे. तो अंधार गेला की दोन रेघा आणि दोन टिंबे सलग होतात, आणि ते अक्षर झेड आहे. ‘तू’ म्हणजे टी आणि यू. जोडून पाठवले तर एक्स. ‘ते’ जोडले की एन. ‘आई’ हा शब्द ए आणि आय असा पाठवला आणि मध्ये थांबला नाहीत, तर पलीकडचा मुलगा एल लिहून घेतो. म्हणजे मी, तू, ते आणि आई अशी घरातली सगळी माणसेच नाहीशी होतात, आणि कागदावर राहतात झेड, एक्स, एन, एल!

दुसरी गोष्ट टॉर्चची. मोबाइलच्या टॉर्चचे बटण पडद्यावर दाबल्यानंतर दिवा किंचित उशिरा लागतो आणि किंचित उशिरा विझतो, त्यामुळे टिंब आणि रेघ यांतला फरक पुसट होतो. दिवा सतत चालू ठेवून त्याच्यापुढे वहीच्या पाठीचा पुठ्ठा धरावा आणि पुठ्ठा वरखाली करावा. खूण एकदम स्वच्छ उमटते. सुरुवातीला एक माप अर्ध्या सेकंदाचे ठेवावे. मनात ‘एक’ म्हणत टिंब आणि ‘एक-दोन-तीन’ म्हणत रेघ, असे दोन्ही मुलांनी एकाच लयीत म्हणायचा सराव आधी एका खोलीत समोरासमोर बसून करावा, आणि मगच गच्ची गाठावी.

आता वाक्याकडे येऊ. ‘हो’ हा शब्द एच आणि ओ मिळून, म्हणजे चार टिंबे आणि तीन रेघा, एकवीस मापांत जातो; अर्ध्या सेकंदाच्या मापाने साडेदहा सेकंद. ‘ये’ सतरा मापांत जातो. मात्र ‘जेवलास का’ हे वाक्य रोमन अक्षरांत पूर्ण लिहून पाठवले तर माझ्या मोजणीप्रमाणे एक्याऐंशी मापे होतात, म्हणजे चाळीस सेकंदांहून अधिक. तेवढ्या वेळात पलीकडचा खरोखर जेवून उठेल. जे, ई, व्ही एवढी तीनच अक्षरे पाठवून पुढे प्रश्नचिन्ह (दोन टिंबे, दोन रेघा, दोन टिंबे) जोडले, तर तेच काम सत्तेचाळीस मापांत होते आणि अर्थात काही उणे राहत नाही.

शब्द कापताना एक युक्ती मराठी माणसाला सहज जमावी. आपल्या लिपीत ‘अ’ हा स्वर व्यंजनात गृहीत असतो. ‘घर’ लिहिताना आपण घ आणि र एवढेच लिहितो, अ वेगळा काढत नाही. रोमन अक्षरांत मात्र प्रत्येक ‘अ’साठी ए लिहावे लागते, आणि मोर्समध्ये ए पाठवायला पाच मापे लागतात. तेव्हा जी, एच, आर एवढेच पाठवावे. ‘घर’ बरोबर ओळखले जाते. ‘आ’साठी मात्र ए ठेवावा, नाहीतर ‘काम’ आणि ‘कम’ एक होतात. त आणि ट, द आणि ड, ल आणि ळ, न आणि ण यांचा भेद तसाही राहत नाही. तो संदर्भावर सोडून द्यावा. गच्चीवरच्या संभाषणात ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांत कुणाचा गोंधळ झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शेवटचे, आणि मुलांना सर्वात आवडणारे : जहाजांवरची दिव्याने बोलण्याची पद्धत उचलावी. बोलावणारा ए-ए ही जोडी पुनःपुन्हा दाखवतो. पलीकडचा तयार झाला की टी, म्हणजे लांब लखलखाट, पुनःपुन्हा देऊन ‘बोल’ म्हणतो. त्यानंतर प्रत्येक शब्द कळला की एक टी द्यायचा. टी आला नाही तर तोच शब्द पुन्हा पाठवायचा, पुढे जायचे नाही. घेणाऱ्या बाजूला दोघे असले तर फार सोपे जाते : एकाने दिव्यावरची नजर न काढता अक्षर मोठ्याने सांगावे, दुसऱ्याने लिहावे. आणि नातवाला एवढे बजावून ठेवा की दिवा घाटावरच्या लोकांच्या डोळ्यांत किंवा रस्त्यावरच्या गाड्यांवर जाता कामा नये.

प्रश्न : माझे वडील रेल्वेत तारेवर काम करीत. त्यांच्या टेबलावरचे ‘कट्ट कडकट्ट’ मला अजून आठवते, पण त्यात टिंब-रेघेसारखा लांब-आखूड आवाज कधीच नव्हता. मग ते ऐकून लिहीत कसे? आणि तारेतली वाक्ये इतकी तुटक का असत? — एक निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : आपली आठवण अगदी बरोबर आहे. तारयंत्रातील दांडी खाली आपटली की एक टोला पडतो आणि वर उठली की दुसरा, जरा वेगळ्या आवाजाचा. टिंब असो वा रेघ, टोले दोनच. फरक असतो तो या दोन टोल्यांमधल्या वेळात. वडील आवाज मोजत नव्हते, दोन आवाजांमधली शांतता मोजत होते, आणि सरावाने तीही मोजत नव्हते. अख्खा शब्द त्यांच्या कानात पडत असणार. रेडिओवरच्या मोर्समध्ये लांब-आखूड सूर ऐकू येतो, तो पुढच्या काळातला.

तुटकपणाचे कारण सरळ पैशाचे होते. तारेचे शुल्क शब्दांवर असे आणि पत्त्याचे शब्दही मोजले जात. म्हणूनच जुन्या पेढ्यांच्या लेटरहेडवर ‘तारेचा पत्ता’ म्हणून एकच नोंदवलेला शब्द छापलेला दिसतो. ‘मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली’ हे चार शब्द ज्या पिढीने वाचले, तिला इंग्रजी येत नसले तरी त्यांचा अर्थ कळत असे. दारात तारवाला दिसला की पाकीट फोडण्याआधीच रडारड सुरू होई. आनंदाच्या तारांसाठी खात्याने सोय केली होती : दिवाळी, ईद, लग्न, परीक्षेतील यश अशा प्रसंगांची ठरावीक वाक्ये क्रमांक देऊन छापलेली असत, तारेवरून फक्त क्रमांक जाई आणि पलीकडच्या कार्यालयात पूर्ण वाक्य कागदावर उतरे. भारतातील पहिली प्रायोगिक तारवाहिनी 1850 मध्ये कोलकाता आणि डायमंड हार्बर यांच्यामध्ये टाकली गेली, आणि तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. मोर्सची ठकठक मात्र तिच्या पुष्कळ आधीच टेलिप्रिंटरने गिळली होती.

प्रश्न : माझा मुलगा हॅम रेडिओच्या परीक्षेची तयारी करतो आहे. त्याच्या वहीत जागोजागी ‘73’ लिहिलेले असते. एकदा मी गमतीने ‘88 लिही की’ म्हटले, तर तो लाजून हसला. हे आकडे काय आहेत? — एक वडील, कराड

उत्तर : मुलगा लाजला हे योग्यच झाले. 73 म्हणजे ‘सस्नेह शुभेच्छा’. 88 म्हणजे ‘प्रेम आणि चुंबने’. पलीकडे कोण बसले आहे हे ठाऊक नसताना 88 पाठवणे म्हणजे अनोळखी पत्राच्या शेवटी ‘तुझाच’ लिहिण्यासारखे आहे. हे आकडे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन तारमास्तरांच्या यादीतून आले आणि हौशी, म्हणजेच हॅम, रेडिओवाल्यांनी ते वारशाने घेतले. 73 टिकून राहण्यात त्याच्या लयीचाही वाटा असावा असे मला वाटते : सात म्हणजे दोन रेघा आणि तीन टिंबे, तीन म्हणजे तीन टिंबे आणि दोन रेघा. सुलट पाठवा की उलट, तेच येते. हाताला ते एखाद्या तिहाईसारखे बसते.

रोजच्या बोलण्याची बाकीची वाक्येही अशीच बांधलेली आहेत. क्यू-टी-एच म्हणजे ‘माझे ठिकाण असे’, आणि त्यालाच प्रश्नचिन्ह लावले की ‘तुमचे ठिकाण कोणते?’ क्यू-आर-एस म्हणजे ‘सावकाश पाठवा’. नवशिक्याने हे तीन अक्षरांचे वाक्य सर्वात आधी शिकावे आणि ते वापरताना संकोच करू नये, कारण पलीकडचा चांगला रेडिओचालक लगेच वेग उतरवतो. जी-एम, जी-ई ही सकाळ-संध्याकाळची अभिवादने आहेत. ओ-एम म्हणजे शब्दशः ‘म्हातारा’, पण ते पंधरा वर्षांच्या मुलालाही म्हणतात. आपल्याकडच्या ‘अहो राव’सारखे समजा. दोन अनोळखी माणसे भेटली की नमस्कार, आवाज कसा येतो, नाव, गाव, हवा कशी आहे एवढे बोलून 73 करून निघतात; एस.टी.च्या थांब्यावर भेटलेल्या माणसांपेक्षा ते फार वेगळे नाही. मुलाला एक सांगून ठेवावे : हौशी रेडिओवर गुप्त भाषा वापरायला मनाई आहे. क्यूची ही वाक्ये जगभर ठाऊक असल्याने ती चालतात. मित्रांपुरती बनवलेली सांकेतिक भाषा चालत नाही. ती टॉर्चवर खेळावी.

प्रश्न : सासऱ्यांना पक्षाघात झाल्यापासून बोलता येत नाही. उजवा हात गेला आहे, डाव्या हाताची बोटे हलतात. समजते सगळे. हात दाबून मोर्समध्ये ‘पाणी’, ‘दुखते आहे’ एवढे तरी त्यांना सांगता येईल का? — एक सूनबाई, सातारा

उत्तर : येऊ शकेल, पण आधी एक गोष्ट तपासून घ्यावी लागेल. उच्चार करता न येणे वेगळे आणि मनात शब्दच न सापडणे वेगळे. पक्षाघातानंतर दुसरी अडचण असेल, तर अक्षरे जुळवून शब्द करणे त्यांना तितकेच अवघड जाईल, मग ती मोर्सची असोत वा पाटीवरची. हे डॉक्टरांनी आणि वाचा-उपचार तज्ज्ञांनी पाहावे, आणि त्यांच्या सल्ल्यानेच पुढे जावे.

अक्षरज्ञान शाबूत असेल, तरी त्यांना तक्ता पाठ करायला लावू नका. मोर्स रचताना जे केले गेले तेच आपल्या घरापुरते करा. असे सांगितले जाते की ज्यांच्या नावाने हे संकेत ओळखले जातात त्या सॅम्युएल मोर्स यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी छापखान्यात जाऊन कोणत्या अक्षराचे किती खिळे (छपाईची धातूची अक्षरे) ठेवलेले आहेत हे पाहिले, आणि ज्याचे खिळे जास्त त्याला आखूड खूण दिली. म्हणून इंग्रजीत सर्वाधिक लागणारे ई एका टिंबाचे आहे. तुमच्या घरातले ‘खिळे’ तुम्ही मोजा. दिवसभरात सासऱ्यांना सर्वाधिक वेळा काय सांगावे लागते ते दोन दिवस लिहून ठेवा आणि सर्वात आखूड खुणा त्यांना द्या. एक छोटा दाब म्हणजे ‘हो’, दोन छोटे म्हणजे ‘नाही’. दोन लांब दाब म्हणजे ‘पाणी’. छोटा-लांब म्हणजे ‘कूस बदला’. लांब-छोटा म्हणजे ‘दुखते आहे’. एवढ्या पाच खुणा मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या नजरेसमोर भिंतीवर लावा, आणि रात्रपाळीला बसणाऱ्या प्रत्येकाला त्या पाठ असू द्या. एकच लांब दाब मी मुद्दाम मोकळा सोडला आहे, कारण थकलेल्या हाताचा छोटा दाब पुष्कळदा लांब होतो. त्याला कोणताही अर्थ देऊ नये.

पुढे पूर्ण शब्द सांगायची त्यांची इच्छा दिसली तर मोर्सपेक्षा आपली वर्णमाला अधिक कामाची ठरेल, असे माझे मत आहे. ती ओळींत लावलेली आहे. आपण ‘क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग’ असे सावकाश म्हणावे. हव्या त्या वर्गावर त्यांनी हात दाबावा. मग त्या वर्गातली पाच अक्षरे म्हणावीत. य, र, ल, व पासूनची अक्षरे आणि स्वर यांच्या दोन ओळी शेवटी धराव्यात. ‘पाणी’चा ‘प’ असा सापडला की पुढचे आपण ओळखतोच. ज्यांना एक-दोन हालचालीच करता येतात अशांसाठी फोनवरही मोर्सने टंकलेखन करता येते; गूगलने जीबोर्ड या आपल्या फोनवरच्या कळफलकात ही सोय 2018 मध्ये दिली आणि ती घडवताना टानिया फिनलेसन या स्वतः मोर्सने बोलणाऱ्या विकसक सोबत होत्या. पण ती पायरी पुष्कळ पुढची. सध्या भिंतीवरच्या पाच खुणा पुरेत.

प्रश्न : 2019 च्या पुरात आमच्या भागात दोन दिवस फोन लागत नव्हते. अशा वेळी मोर्स उपयोगी पडेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट असताना त्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेले होते. वीज आणि मोबाइलचे मनोरे दोन्ही बंद पडल्यावर उरते ते डोळ्यांना दिसणारे आणि रेडिओने ऐकू येणारे. समोरच्या गच्चीवर मोर्स कळणारे कुणी असेल तर टॉर्चचा उपयोग होईल, पण बोटीतल्या जवानाला ते येईलच असे धरून चालू नये. त्याच्यासाठी एकच संकेत पुरेसा आहे : तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे, मध्ये अक्षरांचा अंधार न ठेवता सलग, आणि थोडे थांबून पुन्हा. 1906 च्या बर्लिन परिषदेत एस-ओ-एस हा संकेत स्वीकारला गेला, आणि तो कोणत्याही वाक्याचे लघुरूप नाही. ओळखायला सोपा आणि चुकायला अवघड म्हणून निवडलेला आहे. खेळताना तो कधीही पाठवू नये.

रेडिओची गोष्ट वेगळी. बोललेला आवाज पाठवायला रेडिओ लहरींच्या पट्ट्यात दोन-तीन हजार हर्ट्झची (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन) रुंदी लागते. मोर्स शे-दीडशे हर्ट्झमध्ये मावते. सगळी शक्ती त्या अरुंद पट्ट्यात एकवटल्याने मोटारीच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्राचा संकेतही, जिथे आवाज खरखरीत बुडून जातो तिथे कानाला सापडतो. मात्र त्यासाठी केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि परवाना, एरियल व सराव या तिन्ही गोष्टी पाणी चढायला लागल्यावर मिळत नाहीत. ‘छतावर, पाच जण, एक आजारी’ एवढे स्वच्छ पाठवता येणारा एक माणूस गल्लीत असणे मला मोलाचे वाटते. पण तो आहे म्हणून प्रशासनाने सांगितल्यावर घर सोडायला उशीर करू नये.

प्रश्न : किती दिवसांत येईल? — एक विद्यार्थी, विटा

उत्तर : रोज पंधरा-वीस मिनिटे दिलीत तर काही महिन्यांत कामापुरते येते. तक्ता भिंतीवर लावू नका. मी तक्त्यावरून शिकलो, आणि पुढे कित्येक वर्षे प्रत्येक अक्षर कानावर पडले की मनात टिंबे मोजून तक्त्याकडे धाव घेत होतो. ती सवय मोडायला शिकण्यापेक्षा अधिक वेळ लागला. अक्षरे पहिल्यापासून वेगात ऐकावीत आणि अक्षरांमधले अंतर मोठे ठेवावे. दोन अक्षरांपासून सुरुवात करून, दहापैकी नऊ बरोबर येऊ लागली की तिसरे घ्यावे.

वेग मोजायला जगभर ‘पॅरिस’ हा शब्द वापरतात, कारण रोमन अक्षरांत तो पुढच्या शब्दाच्या अंतरासह बरोबर पन्नास मापांचा आहे. गंमत म्हणून आपले जिल्हे मोजून पाहिले : ‘सातारा’ बावन्न मापांचा निघाला आणि ‘सांगली’ अठ्ठावन्न. तेव्हा मिनिटात दहा वेळा ‘सातारा’ स्वच्छ पाठवता आले तर आपला वेग मिनिटाला दहा शब्दांच्या किंचित वर आहे असे समजावे. सांगलीकरांना तेवढ्याच वेगासाठी जरा कमी वेळा गावाचे नाव घ्यावे लागेल. यावरून वाद घालणारी पत्रे पाठवू नयेत.

प्रश्न : पाठवताना चूक झाली तर खोडायची कशी? — एक वाचक, तासगाव

उत्तर : आठ टिंबे सलग द्यावीत आणि चुकलेला शब्द पहिल्या अक्षरापासून पुन्हा पाठवावा.